झोपलेल्या बोटीत जागं कोण?

ऑक्टोबर उजाडला की स्टॉकहोमच्या काठाकाठाने क्रेनची घरघर सुरू होते. मेलारेन सरोवर जिथे बाल्टिक समुद्राला मिळतं, तिथे बेटाबेटांवर हे शहर वसलंय. इथल्या कित्येक घरांत दारात मोटार असते तशी धक्क्याला बोट असते. काही आठवड्यांत पाण्यावर बर्फ धरायला लागणार, म्हणून बोटी पट्ट्यांत अडकवून उचलायच्या आणि काठावर टेकू देऊन उभ्या करायच्या. इंजिनातलं पाणी काढून टाकायचं, वरून ताडपत्री आवळायची, मेन स्विच खट्कन बंद करायचा आणि घरी जायचं. पुढची भेट थेट एप्रिलमध्ये.

एप्रिलमध्ये ताडपत्री निघते, किल्ली फिरते आणि इंजिनातून नुसता 'टक्' असा आवाज येतो. बॅटरी उतरलीय! पाच महिने बोटीवर कोणी पाऊल ठेवलं नाही, दिवा लावला नाही, गाणं ऐकलं नाही. मेन स्विच तर बंदच होता. मग वीज गेली कुठे?

'थंडीने खाल्ली,' असं बहुतेकजण सांगतील. पण थंडी बॅटरीची चक्क राखण करते! कुठलीही बॅटरी नुसती फळीवर ठेवली तरी आतल्या आत हळूहळू उतरते, कारण तिच्यातल्या रासायनिक क्रिया कधीच पूर्ण थांबत नाहीत. साध्या शिसं-आम्लाच्या बॅटरीचा पंचवीस अंश तापमानात महिन्याला तीन ते पाच टक्के चार्ज असाच निघून जातो. पण तापमान दहा अंशांनी उतरलं की हा वेग साधारण निम्मा होतो. आणखी दहा अंशांनी उतरलं की त्याच्याही निम्मा. म्हणजे स्वीडनच्या हिवाळ्यात या बॅटरीने महिन्याकाठी फार तर एखादा टक्का गमवायला हवा. पाच महिन्यांनी ती जवळजवळ भरलेलीच मिळायला हवी.

ती तशी मिळत नाही, याचा अर्थ बोटीत कोणीतरी जागं होतं. त्याला शोधायचं कसं ते पाहूच, पण आधी तो जी वीज खात होता ती बघा. कारण ती वीजच मोठी अजब चीज आहे.

फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली शिशाच्या पत्र्यांच्या गुंडाळ्या सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी बनवली. आज बोटीत, मोटारीत, घरच्या इन्व्हर्टरखाली जी जड पेटी असते ती याच घराण्यातली. एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला शिशाचं ऑक्साइड, मध्ये आम्ल. अशा एका सेलमधून दोन व्होल्टच्या थोडा वर दाब मिळतो. सहा सेल एकापुढे एक जोडले की झाली बारा व्होल्टची बॅटरी.

पण हे दोन व्होल्ट येतात कुठून? शिशाचा अणू भारी. त्याच्या केंद्रात ८२ प्रोटॉन असल्यामुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास साठ टक्के वेगाने धावतात. इतक्या वेगाला आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो, आणि अणूची सगळी ऊर्जारचनाच बदलते. स्टॉकहोमपासून सत्तरेक किलोमीटरवर असलेल्या उप्साला विद्यापीठातले राजीव आहुजा आणि हेलसिंकीचे पेक्का प्युक्को यांच्या गटाने २०११ साली हे गणित मांडलं. निष्कर्ष असा, की एका सेलच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतावादाच्या परिणामामुळे मिळतात. म्हणजे बारातले दहा व्होल्ट आइन्स्टाइनच्या खात्यावर! कथिल हे रसायनशास्त्रात शिशाचं भावंडच, पण अणू हलका. म्हणूनच कथलाची अशी बॅटरी कोणी बनवू शकलेलं नाही.

आता पुढचं नवल. बॅटरी वापरली जाते तेव्हा आम्लातलं सल्फेट दोन्ही पत्र्यांवर जाऊन बसतं आणि मागे राहतं ते अधिकाधिक पाणी. म्हणजे भरलेल्या बॅटरीत कडक आम्ल असतं आणि उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणी. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नास अंशांतही गोठत नाही. अर्धी उतरली की ते उणे पंचविसाच्या आसपास गोठतं. आणि पार उतरली तर उणे सात-आठ अंशांतच! बॅटरीतला चार्ज हेच तिचं थंडीपासूनचं कवच आहे. बर्फ फुगतो, पत्रे वाकतात, पेटीला तडा जातो. तडा गेला नाही तरी पत्र्यांवरचं सल्फेट महिनोन्‌महिने तसंच पडून राहिलं की त्याचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. बाहेर पारा उणे पंधरावर गेला, तर भरलेल्या बॅटरीला त्याचा पत्ताही लागत नाही. उतरलेली मात्र त्या एका रात्रीत कायमची जाते. थंडीवर आळ येतो तो असा. ती शेवटचा घाव घालते खरी, पण आधी कोणीतरी कवच काढून घेतलेलं असतं.

तर मग जागं कोण होतं?

यादी काढायला बसलात तर थक्क व्हाल. स्टिरिओला घड्याळ आणि जुळवून ठेवलेली स्टेशनं लक्षात ठेवायची असतात. गॅसची गळती हुंगणारा डिटेक्टर झोपून कसं चालेल? सोलर पॅनेलचा कंट्रोलर ताडपत्रीखालच्या काळोखात सूर्याची वाट बघत असतो. मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटवर निळा आकडा मिणमिणतो. आणि बॅटरी किती उरली हे सांगणारा मॉनिटर ते सांगण्यासाठी त्याच बॅटरीतून थोडा करंट खातो!

पण मेन स्विच बंद होता ना? होता. गंमत अशी की यातली काही मंडळी मेन स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीला जोडलेली असतात. तीही मुद्दाम. यांत सर्वांत महत्त्वाचा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसणारा. मालक सगळं बंद करून घरी गेला आणि रात्री बोटीत पाणी शिरलं, तर हा पंप आपणहून चालू व्हायलाच हवा. म्हणून मेन स्विच त्याच्या वाटेत येऊ देत नाहीत. बोट बुडू नये म्हणून केलेली ही सोय काठावरच्या बोटीतही चालूच राहते.

आता हिशेब करू. जागं असलेलं प्रत्येक यंत्र खातं तरी किती? स्टिरिओची आठवण पाच-दहा मिलीअँपिअर, गॅस डिटेक्टर पन्नास ते शंभर. एक मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. इंजिन सुरू करताना स्टार्टर दोनेकशे अँपिअर सहज ओढतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. बरोबर?

थांबा. दीडशे दिवस म्हणजे किती तास? दीडशे गुणिले चोवीस, बरोबर ३६०० तास! म्हणजे दर मिलीअँपिअरमागे हिवाळाभरात ३.६ अँपिअर-तास गेले. वीस मिलीअँपिअर खाणारं एखादं बारीकसं यंत्र ७२ अँपिअर-तास गिळून बसतं, आणि बोटीतली बॅटरी साधारण शंभर अँपिअर-तासांची. उलट तो दोनशे अँपिअरवाला स्टार्टर पाच सेकंद फिरला तर एक अँपिअर-तासाचा तिसरा हिस्सासुद्धा खात नाही! करंट किती, या प्रश्नाला एकट्याने अर्थच नाही. सोबत किती वेळ हेही विचारायला हवं.

हा वीस मिलीअँपिअरचा प्रवाह आपल्याला तारेत उतरून बघता आला असता तर? दर सेकंदाला साडेबारा कोटी अब्ज इलेक्ट्रॉन तारेतून पुढे सरकताना दिसले असते. आणि त्यांचा वेग? तार एक चौरस मिलिमीटर छेदाची असेल तर तासाला पाच मिलिमीटर! हो, तासाला. मग स्विच दाबताच दिवा लागतो कसा? कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. बागेतली रबरी नळी पाण्याने भरलेली असली, तर नळ सोडताच दुसऱ्या टोकाला धार लागते. नळापासचं पाणी तिथे पोचायला मात्र वेळ लागतो. नोव्हेंबरात बॅटरीतून निघालेला एखादा इलेक्ट्रॉन एप्रिलपर्यंत सरासरी एकोणीस मीटर चाललेला असेल. अख्ख्या हिवाळ्यात एवढीच मजल, आणि तरी बॅटरी रिकामी!

बिल्ज पंपाची एक जात तर याहून नवलाची आहे. तळात पाणी आहे की नाही हे कळायला काही पंपांना तरंगता स्विच असतो. पण काही पंप स्वतःच चाचपून बघतात. दर अडीच मिनिटांनी पंप क्षणभर फिरतो. पात्याला पाण्याचा अडथळा जाणवला तर फिरत राहतो, नाहीतर पुन्हा गप्प. अडीच मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसाला ५७६ वेळा. दीडशे दिवसांत ८६,४०० वेळा. दर खेपेला एक सेकंद धरला तर झाले ८६,४०० सेकंद, म्हणजे बरोबर एक अख्खा दिवस! कोरड्या बोटीत नसलेलं पाणी शोधण्यात हा पंप एकूण चोवीस तास फिरला. दोन अँपिअरच्या हिशेबाने ४८ अँपिअर-तास संपले, आणि उपसलं काय, तर थेंबभरही नाही.

आता शोधाला लागू. लागतो फक्त एक साधा मल्टिमीटर.

पहिली परीक्षा बॅटरीची. ती पूर्ण भरायची, दोन्ही केबली काढून काही तास राहू द्यायची आणि व्होल्ट मोजायचे. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ म्हणजे संपलीच. भरलेली आणि रिकामी यांत पुरता एक व्होल्टचाही फरक नाही! म्हणून दशांशानंतरचा दुसरा आकडाही नीट बघायचा. अशी सुटी ठेवलेली बॅटरी आठवड्याभरात चांगलीच उतरली, तर खोट तिच्या पोटात. टिकून राहिली, तर खाणारा बाहेर.

दुसरी परीक्षा वायरिंगची. ऋण बाजूची केबल काढायची आणि ती केबल व बॅटरीचं टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडायचा. आता बोटीत जाणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन मीटरमधून जाणार. मीटरची तार दहा अँपिअरच्या खोबणीत हवी, कारण मधेच पंप चालू झाला तर बारीक खोबणीतला फ्यूज तत्क्षणी उडतो. आणि चुकूनही किल्ली फिरवायची नाही. स्टार्टरचे दोनशे अँपिअर हा मीटर सोसणार नाही.

मीटरवर पहिला आकडा येतो आणि छातीत धस्स होतं. चारशे मिलीअँपिअर! घाबरू नका. केबल काढून पुन्हा जोडली की सगळी उपकरणं दचकून जागी होतात, स्वतःला तपासतात, दिवे लुकलुकवतात. पंधरा-वीस मिनिटं हात न लावता बसा. आकडा पायरीपायरीने उतरताना दिसेल, एकेक यंत्र झोपी जातंय. शेवटी जो आकडा स्थिर राहतो तो खरा. आणि बसलाच आहात तर अडीच मिनिटं डोळा मीटरवरून हलवू नका. शांत आकडा एकदम उसळून पुन्हा खाली आला, तर तुम्हाला तो चाचपणारा पंप सापडला!

समजा स्थिर आकडा ६५ मिलीअँपिअर आला. आता फ्यूज एकेक करून काढायचे. दिव्यांचा काढला, ६५. रेडिओचा काढला, ६५. तिसरा काढला आणि आकडा धाडकन पाचवर आला. बोटीतल्या शेकडो मीटर तारांच्या गुंत्यातून तुम्ही एका तारेवर आलात, आणि ताडपत्रीखाली आडवं होऊन एकही पॅनेल उचकटावं लागलं नाही.

याहून सुंदर युक्ती आहे ती फ्यूज न काढण्याची. कारण फ्यूज काढून परत बसवला की ते यंत्र पुन्हा जागं होतं आणि वीस मिनिटांची वाट बघणं पुन्हा नशिबी येतं. मोटारीत किंवा बोटीत रंगीत प्लास्टिकचे पात्यांचे फ्यूज असतात. त्यांची पाठ निरखून बघा. प्लास्टिकमध्ये दोन इवल्या फटी दिसतील, आणि आत चमकणारा धातू. मीटरची दोन टोकं त्या दोन ठिपक्यांवर टेकवायची आणि मिलिव्होल्ट वाचायचे. फ्यूजमधली तार कितीही आखूड असली तरी तिला थोडा रोध असतोच. पाच अँपिअरच्या फ्यूजला पंधरा-वीस मिलीओहम. त्यातून पन्नास मिलीअँपिअर वाहत असतील तर दोन ठिपक्यांमध्ये जवळपास एक मिलिव्होल्ट पडतो, आणि साधा मीटर तो दाखवतो. जिथे काहीच वाहत नाही तिथे शून्य. जळून बोट वाचवण्यासाठी बसवलेला तुकडा न जळताही बोलतो, फक्त त्याला विचारायला हवं. जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली छापलेला नियम दोन टोकांच्या टेकणीत कामाला येतो.

कधी कधी मात्र सगळे फ्यूज काढले तरी आकडा ढळत नाही. तेव्हा नजर फ्यूजपेटीच्या अलीकडे वळवायची. इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरची जाड तार बऱ्याच बोटींत सरळ बॅटरीकडे जाते. आल्टरनेटरमध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉनचे डायोड असतात. इंजिन चालू असताना ते बॅटरीकडे वीज सोडतात, इंजिन बंद झालं की परतीची वाट अडवतात. त्यातला एखादा बिघडला की बॅटरी गुपचूप आल्टरनेटरमध्ये रिकामी होऊ लागते. ती तार सोडवून बघितली की लगेच कळतं.

आणि सर्वांत चकवणारी गळती तर यंत्राची नसतेच, मिठाची असते! स्टॉकहोमपाशी बाल्टिकचं पाणी अळणी, महासागराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकंच खारट. पण स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याला, गोथेनबर्गकडे, समुद्र बराच खारा. तिथले तुषार टर्मिनलवर, जोडांवर, बॅटरीच्या झाकणावर सुकतात आणि मिठाचा पातळ थर सोडतात. कोरडं मीठ वीज नेत नाही. पण हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या बरणीत होतं तेच. त्यात समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर तेहतीस टक्के आर्द्रतेलाच ओलावतं. मग दोन टर्मिनलांच्या मध्ये खाऱ्या पाण्याची अदृश्य वाट तयार होते. दमट दिवशी मोजलं तर गळती सापडते, कोरड्या दिवशी सगळं ठणठणीत! हे बघायचं असेल तर मीटरचं एक टोक धन टर्मिनलवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लास्टिकच्या झाकणावर टेकवा. झाकण मळकट असेल तर चक्क प्लास्टिकवर काही व्होल्ट दिसतात! खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, फक्त ते पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं केलं की आकडा गायब.

आपल्या कोकणात याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. तिथे गोठण्याची भीती नाही. पण सत्तावीस अंशांच्या उबेत बॅटरी आपणहून उतरण्याचा वेग स्वीडनच्या हिवाळ्यापेक्षा पाच-सहा पट, आणि हवा इतकी दमट की मिठाची वाट एकही दिवस सुकत नाही. मुदत दोनच महिन्यांची असते, म्हणून पुष्कळदा निभावतं.

मग उपाय काय? अनेक ठिकाणी राखणीला कोणी नसताना चार्जर लावून जायला मनाई असते, आगीची भीती म्हणून. पण चार्जरची गरजही नाही. बॅटरी पूर्ण भरायची आणि केबली सोडवायच्या, आधी ऋण बाजूची. धन आधी सोडवायला गेलात आणि पाना इंजिनाच्या धातूला टेकला, तर पाना, इंजिन आणि ऋण केबल मिळून थेट शॉर्ट होतो आणि पाना लालबुंद होऊ शकतो. ऋण आधी सुटली की ती वाटच तुटते, मग पाना कुठेही लागो. वसंतात बॅटरी गोठलेली आढळली तर मात्र ती आधी पूर्ण वितळू द्यायची आणि पेटी तडकलेली नाही ना ते बघायचं. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावला तर ती फुटू शकते.

आणि बोट नसली तरी मीटर घरात असू द्या. अमेरिकेत मुलाकडे सहा महिने जायचंय आणि गाडी सोसायटीत उभी राहणार आहे? धडधाकट गाडीसुद्धा बंद असताना तीसेक मिलीअँपिअर खाते: कुलूप, अलार्म, घड्याळ. तीस मिलीअँपिअर म्हणजे दोन महिन्यांत ४३ अँपिअर-तास, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. सहा महिन्यांचं गणित मांडायचीही गरज नाही. विमानतळाला निघण्याआधी बॉनेट उघडा, ऋण टर्मिनलचा नट सैल करा आणि केबल बाजूला वळवून ठेवा. परत आल्यावर गाडीचं घड्याळ चुकीची वेळ दाखवेल, पण इंजिन सुरू होण्याची आशा तरी राहील.